वीतभर वायर

वीतभर काकांना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. पुढे वाचताना कुणाचा वेगळा समज झाला तर तो माझा दोष नाही. डहाणू स्टेशनबाहेरच्या गल्लीत, एका चप्पलवाल्याच्या शेजारी, त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. घोलवड-बोर्डीपासून इकडे तलासरीपर्यंत ज्याचा कॉम्प्युटर बिघडे तो तिथे येई. याला काकांचं ज्ञान कारण नव्हतं. त्यानंतरचं दुकान वापीला होतं, एवढंच कारण होतं.

तुम्ही काहीही घेऊन जा, काका आधी त्याची वायर हातात घ्यायचे. मशीन राहिलं बाजूला. अंगठा वायरच्या एका टोकावर दाबायचा, करंगळी ताणून पुढे टेकवायची आणि वीत मोजायची. वीत संपून वायर उरली की त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही शांती पसरायची की बघणाऱ्याला वाटावं, रोग सापडला. "बघ. इथेच आहे सगळं." हार्ड डिस्क हळू चालते? वायर लांब. फाईल उघडत नाही? वायर लांब. कॉम्प्युटर सुरू व्हायला चहा होईपर्यंतचा वेळ घेतो? वायर लांब. "वीतभराच्या पुढे गेलं की डेटा दमतो," हे त्यांचं वाक्य. ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की शिकलेली माणसंही मान डोलवायची. मग कात्री यायची, वायर कापली जायची, टोकाला नवीन पिन डागली जायची आणि माणूस वीतभर वायर घेऊन आनंदाने घरी जायचा. नाव पडलं ते त्यावरून.

हे शास्त्र त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. ते आलं होतं घोलवडच्या चिकूच्या वाडीतून. काकांच्या वडिलांची छोटी वाडी होती. विहिरीवर पंप, पंपाला पाईप आणि पाईप ओढत ओढत एकेका झाडाचं आळं भरायचं. विहिरीजवळच्या झाडाला पाणी धो धो, कुंपणाकडच्या झाडापर्यंत पोचेस्तोवर त्याची करंगळीएवढी धार. लहानपणी काकांचं काम एकच होतं. वडील विहिरीवरून ओरडायचे, "शेवटच्या झाडाला पोचलं का बघून ये." काका धावत जायचे आणि बहुतेक वेळा पोचलेलं नसायचं. हा अनुभव या माणसाने पन्नास वर्षं जपला आणि सरळ हार्ड डिस्कला लावला. "पाणी काय नि डेटा काय, दीकरा. लांब गेलं की जोर कमी."

आता माझ्याबद्दल. माझं तलासरीला लग्नांचं शूटिंग आणि मिक्सिंगचं काम आहे. माझी भाकरी हार्ड डिस्कवर भाजते. त्यामुळे हा विषय मी नीट शिकून घेतला होता आणि तो काकांना शिकवायची चूकही वारंवार केली. मी सांगायचो, काका, वायर तिच्या मर्यादेत असली की वीतभर काय आणि हातभर काय, डिस्क तेवढ्याच वेगाने चालते. मर्यादेबाहेर गेली तर डिस्क हळू होत नाही, ती मध्येच तुटते नाहीतर दिसतच नाही. तांब्याच्या तारेत डेटा चालत जात नाही, की त्याला दम लागेल. काका चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. त्या बघण्यात माझ्या धंद्याबद्दल, माझ्या वयाबद्दल आणि एकूणच तलासरीबद्दल जेवढा तुच्छपणा मावेल तेवढा असायचा. "तू नवरीचे फोटो काढ," ते म्हणायचे. "नवरी कशी दिसते ते मी तुला सांगायला येतो का?"

संताप याचा यायचा की त्यांच्या हातची डिस्क खरोखर चालायची. याचं कारणही मला माहीत होतं. आमच्या किनाऱ्याची हवा खारी. पिना गंजतात, हिरव्या पडतात, जोडणी सैल होते आणि डिस्क अडखळते. काका वायर कापायच्या आधी एका जुन्या टूथब्रशने, स्पिरिट लावून, सगळ्या पिना घासून लख्ख करायचे. का, तर नवीन वायरला जुनी घाण लागू नये. खरं औषध होतं ते घासणं. पण श्रेय जायचं कापण्याला. मी एकदा त्यांना म्हटलं, नुसतं घासून द्या आणि कापू नका, बघा चालते की नाही. ते म्हणाले, "डॉक्टर सुई द्यायच्या आधी कापूस लावतो. म्हणून काय कापसाने ताप उतरतो?" मी चहा पिऊन परत आलो.

काकांच्या हाताखालून गेलेला कॉम्प्युटर लांबूनच ओळखू यायचा. थंडीत कोंबड्या बसतात तशी त्याची सगळी यंत्रं एकमेकांना चिकटून बसलेली असायची. घोलवडला एका चिकू पॅकिंगवाल्याच्या शेडमध्ये तर काकांनी प्रिंटरची वायरही वीतभर केली. त्यामुळे प्रिंटर सीपीयूच्या डोक्यावर चढला, बाहेरची हार्ड डिस्क प्रिंटरच्या डोक्यावर चढली आणि तिथली हिशेब करणारी बाई कागद घ्यायला दर वेळी उभी राहू लागली. मी मालकाला विचारलं, हे काय केलंत? तो मोठ्या कौतुकाने म्हणाला, "काकांनी बसवून दिलंय. आता एकदम फास्ट आहे." बाईने माझ्याकडे बघितलं. तिला काय वाटत होतं ते मला कळलं.

एकदा मात्र मी ठरवलं की या माणसाचं तोंड कायमचं बंद करायचं. दोन वायरी घेऊन गेलो, एक त्यांनीच केलेली वीतभर आणि एक चांगली नवी कोरी मीटरभराची. एकाच डिस्कवरून एकच लग्न आधी हिने कॉपी केलं, मग तिने. घड्याळ काकांच्याच हातात दिलं. दोन्ही वेळा तेवढाच वेळ लागला, सेकंदाचा फरक नाही. चप्पलवालाही बघायला येऊन उभा होता. काकांनी घड्याळ कानाला लावलं, मग विचारलं, "लग्न कुठलं होतं?" मी म्हटलं, तलासरीचंच, घरगुती. "मग बरोबर आहे. चार माणसांचं लग्न, त्यात दमायला काय आहे? मोठं लग्न लाव." मी मोठं लग्न लावलं. वरातीत अख्खं गाव नाचणारं. तरी वेळ सारखाच. काकांनी घड्याळ परत माझ्या हातात दिलं. मला वाटलं, जिंकलो. मग ते वायरवर हात फिरवत म्हणाले, "वायर नवी आहे रे. अजून अंगात रग आहे तिच्या. सहा महिने वापर, मग ये." चप्पलवाला म्हणाला, "हे पटलं." त्या दिवसापासून मी चप्पलवाल्याकडून चप्पल घेतली नाही.

अशा माणसाकडे मी इतकी वर्षं का जात राहिलो, हे मला बायको विचारायची. वापी लांब, हे माझं उत्तर ठरलेलं. खरं सांगायचं तर दुकानात गेलं की बसायला स्टूल मिळायचं, न विचारता चहा यायचा आणि निघताना कागदात बांधलेले चिकू. "हे परवा पिकतील, आज हात लावू नको," असं बजावून द्यायचे आणि ते परवाच पिकायचे. चिकूच्या बाबतीत हा माणूस कधीही चुकला नाही. जिथे कळत होतं तिथे बसायचं सोडून कॉम्प्युटरच्या वाटेला कशाला गेला, हे कोडं मला कधी सुटलं नाही.

दुपारी काकी डबा घेऊन घोलवडहून यायच्या. बारीक, सावळ्या, हसताना पदर तोंडाला लावणाऱ्या. जगात काकांचा माझ्यापेक्षा जास्त उपहास करणारी ती एकच व्यक्ती होती, म्हणून आमचं चांगलं जमायचं. गिऱ्हाईक आत येताना दिसलं की त्या हळूच म्हणायच्या, "परत जा भाऊ, कापतील." काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. "घरी कपडे वाळत घालायची दोरी तेवढी लांब ठेवलीय यांनी," काकी मला सांगायच्या. "तीसुद्धा मी रडले म्हणून." काका डबा उघडत म्हणायचे, "दोरीतून काही जात नाही. म्हणून ठेवली."

त्यांची एकुलती एक मुलगी हेमा. तिचं लग्न घोलवडच्या वाडीतच झालं आणि शूटिंग माझ्याकडे होतं. लग्नात वधूपित्याने काय करायचं असतं, पाहुण्यांचं बघायचं, व्याह्यांच्या पुढे-मागे करायचं. हा वधूपिता नव्या धोतरात, फेटा बांधून, मांडवातल्या वायरी गुंडाळत फिरत होता. लायटिंगच्या वायरी झाडाझाडांवरून गेलेल्या, स्पीकरच्या वायरी लांबवर ओढलेल्या. काकांना ते दृश्य बघवेना. साऊंडवाला हात जोडत होता, काका, कापू नका, भाड्याच्या आहेत. शेवटी कापणार नाही, फक्त गुंडाळून आखूड करतो, यावर तडजोड झाली. काकी विहिरीजवळच्या झाडाखाली खुर्चीवर बसून होत्या. मी त्यांच्यावर बराच वेळ कॅमेरा ठेवला, कारण त्या चांगल्या दिसत होत्या. थकलेल्याही दिसत होत्या. लग्नघरातल्या बाया थकतातच, असं मी धरून चाललो.

मिक्सिंगची आमच्याकडची पद्धत अशी की मूळ आवाज कुणाला नको असतो. हळद लागली की एक गाणं, वरात निघाली की दुसरं, पाठवणीला तिसरं. माणसं तोंडं हलवतात आणि वरून गाणी वाजतात. हेमाच्या लग्नाचंही तसंच केलं. काकांना फिल्म आवडली, फक्त डिस्क घरी नेऊन देताना मी सोबत दिलेली वायर त्यांनी माझ्यासमोर कापली.

लग्नानंतर काही महिन्यांतच काकी गेल्या. दुखणं आतून जुनं होतं. त्यांना माहीत होतं, पण लग्न होईपर्यंत त्यांनी कुणाला सांगितलं नाही. भेटायला येईल त्याला काका एकच वाक्य ऐकवायचे. "लग्नात तर ठणठणीत होती." नातेवाइकांना सांगायचे, गिऱ्हाइकांना सांगायचे, चप्पलवाल्याला तर रोज. "ठणठणीत होती. तू होतास ना, तू सांग." मी होतो. मी म्हणायचो, हो काका. हा माणूस हे सगळ्यांना का पटवतोय, ते न कळायला मी काही हार्ड डिस्क नव्हतो.

पुढे दुकान बंद झालं. काकांना झटका आला, उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. हेमा उंबरगावहून माहेरी येऊन राहिली. एके दिवशी तिचा फोन आला. "दादा, बाबा ती लग्नाची फिल्म लावायला सांगतात आणि लगेच बंद करा म्हणतात. गाणी नकोत, आईचा आवाज पाहिजे, असं म्हणतात. तुझ्याकडे मूळचं शूटिंग असेल का रे?" मग ती म्हणाली, "डॉक्टरांनी जास्त दिवस सांगितलेले नाहीत."

एवढी जुनी शूटिंग मी ठेवत नाही, जागा लागते. पण हेमाच्या लग्नाची डिस्क कपाटात तशीच पडून होती. लावली तर दिसेना. मी जुना टूथब्रश शोधला, स्पिरिट आणलं आणि पिना घासत बसलो. त्या वेळी काकांना मी मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिता येणार नाहीत. डिस्क सुरू झाली. विहिरीजवळच्या झाडाखालचा तो भाग मी कानाला हेडफोन लावून ऐकला. काकी धापा टाकत होत्या. वाक्य अर्ध्यावर तुटत होतं, मग पुन्हा जोडून घेत होत्या. कॅमेऱ्याबाहेर कुणाकडे तरी बघत त्या म्हणत होत्या, "अहो, या ना. बसा जरा माझ्याजवळ." आणि लांबून काकांचा आवाज, "आलो, आलो. एवढी वायर गुंडाळतो." त्यानंतर बराच वेळ काकी त्या दिशेला बघत होत्या. काका काही फ्रेममध्ये आले नाहीत.

मी हेडफोन काढून ठेवला. डिस्क गेली, असं सांगणं सगळ्यात सोपं होतं. डिस्का जातात, कुणाला संशय आला नसता. मरायला टेकलेल्या माणसाला हे ऐकवायचं, की त्याला तिच्या आवाजावाचून जाऊ द्यायचं? आयुष्यभर ज्याचं एक वाक्य मी खरं मानलं नाही, त्याचं 'ठणठणीत होती' हे एकच वाक्य आता माझ्या हातात होतं. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "त्यांनी आवाज मागितलाय. कसा पाहिजे ते तू कशाला ठरवतोस?" तेही खरं होतं. सकाळी मोटारसायकल काढली आणि घोलवडला गेलो.

टीव्ही समोरच्या भिंतीवर उंच टांगलेला आणि रिकामे दोन प्लग काकांच्या खाटेच्या उशाशी. या डिस्कला वेगळी वीज लागते. एक्स्टेन्शन बोर्ड त्या घरात असणं शक्यच नव्हतं. म्हणून डिस्क उशाशी स्टुलावर ठेवली आणि माझ्याजवळची सगळ्यात लांब वायर भिंतीच्या कडेने टीव्हीपर्यंत नेली. काका पडल्या पडल्या त्या वायरीवरून नजर फिरवत होते. इकडून तिकडे, तिकडून इकडे. तोंड वाकडं झालेलं, पण त्यातही तो जुना तुच्छपणा स्पष्ट दिसत होता. "पोचणार नाही," ते म्हणाले.

पोचलं. पडद्यावर काकी आल्या. हेमा भिंतीला टेकून उभी होती, तिने तोंडावर हात ठेवला. काकी म्हणाल्या, "अहो, या ना. बसा जरा... माझ्याजवळ." मी काकांकडे बघायचं टाळलं. खोलीत त्यांचाच जुना आवाज घुमला, आलो, आलो. मग पडद्यावर नुसत्या काकी, वाट बघत बसलेल्या. काकांचा डावा हात हलला आणि त्यांनी भिंतीकडच्या वायरीकडे बोट केलं.

"बघितलंस? आवाज दमलाय. वायर लांब आहे."

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. इतक्या वर्षांत ते मला पाठ झालं होतं. आवाज वायरीत दमत नाही काका, जो भरलाय तोच येतो. मी ते गिळलं. "उद्या आखूड करून आणतो," म्हटलं. काकांनी डोळे मिटले आणि मान हलवली. अखेर शहाणपण आलं तुला, असा त्या मान हलवण्याचा अर्थ होता.

घरी येऊन मी ती चांगली, दुखणं ना खुपणं अशी वायर स्वतःच्या हाताने कापली. डाग देता येत नाही मला, बोट भाजलं. दुसऱ्या दिवशी घोलवडला गेलो तेव्हा लक्षात आलं की वीतभर वायरीने डिस्क भिंतीवरच्या टीव्हीला लागणार कशी. हेमाच्या नवऱ्याने आणि मी मिळून टीव्ही खाली उतरवला, चिकूचे दोन क्रेट एकावर एक ठेवले आणि त्यावर तो काकांच्या खाटेला लावून, उशाशी, ठेवला. काकांनी आधी वायर हातात मागितली. उजवा हात उपयोगाचा नव्हता. डाव्या हाताचा अंगठा त्यांनी टोकावर ठेवला, करंगळी रेटत पुढे सरकवली. जमत नव्हतं, पण आम्ही कुणी मदत केली नाही. शेवटी करंगळी दुसऱ्या टोकाला टेकली. "लाव," ते म्हणाले.

काकी आता त्यांच्या उशाशी होत्या, हात लांबवला तर लागतील एवढ्या जवळ. "अहो, या ना," त्या म्हणाल्या. "बसा जरा... माझ्याजवळ." तीच धाप होती, वाक्य त्याच जागी तुटलं. काकांनी डावा हात उचलून टीव्हीच्या कडेवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"ऐक," ते म्हणाले. "आज कशी ठणठणीत बोलते."

"हो काका," मी म्हटलं. "वायर आखूड आहे ना."